कोकणातली फिरती: आधी मुक्काम ठरवा, मग कामं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणारे सर्व्हिस इंजिनिअर आहेत. वय ४१, घर पनवेलला. महिन्यातले चौदा-पंधरा दिवस महाड ते सावंतवाडी फिरती, कधी कंपनीची गाडी तर कधी कोकण रेल्वे. दोन वर्षांत वजन सहा किलोनं वाढलंय, रक्तदाब काठावर आलाय, रात्री साडेबारापर्यंत रिपोर्ट लिहिणं चालतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट किंवा पित्त हमखास बिघडतं. "काय खाऊ आणि कोणता व्यायाम करू?" असं त्यांचं विचारणं आहे.

खाण्याकडे आणि व्यायामाकडे येऊच. पण तुम्ही पाठवलेला आठवड्याचा कार्यक्रम पाहिला की दुखणं कुठे आहे ते लगेच दिसतं. सोमवारी महाड, मंगळवारी चिपळूण, बुधवारी रत्नागिरी, गुरुवारी कणकवली, शुक्रवारी सावंतवाडी, शनिवारी परत. पाच दिवस, पाच लॉज. रोज सामान बांधायचं, रोज नव्या गादीवर आडवं व्हायचं, नव्या टाकीचं पाणी, नवी खानावळ. गावात पोचायलाच साडेआठ वाजले की जेवण साडेनऊला, आणि रिपोर्ट त्यानंतर. अशा कार्यक्रमात कितीही पथ्य पाळा, टिकणार नाही.

म्हणून पहिला बदल मुक्कामाचा. उत्तरेकडच्या कामांसाठी चिपळूण धरा. महाडचं काम जाताना करून घ्या आणि तीन रात्री चिपळुणातच राहा. खेड तिथून तीसेक किलोमीटर, गुहागर पंचेचाळीसच्या आसपास, दापोली साठेक. दक्षिणेसाठी कुडाळ: सावंतवाडी वीस-बावीस, वेंगुर्ला पंचवीसच्या घरात, मालवण तीसेक, कणकवलीही तेवढीच. देवगडचं काम जास्त असेल तर कुडाळऐवजी कणकवली सोयीची. रत्नागिरी मधली आणि मोठी, तिला तिच्या हिशेबानं दोन दिवस द्या. एका आठवड्यात चिपळूण, दुसऱ्यात कुडाळ. पनवेल ते सावंतवाडी आख्खी लांबी दर आठवड्याला कापायचा हट्ट सोडा.

दुसरी गोष्ट नकाशाची. कोकणात अंतर किलोमीटरमध्ये मोजलं की फसगत होते. किनारा खाड्यांनी कापलेला आहे. दाभोळहून समोरचं धोपावे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, पण फेरीबोट चुकली तर चिपळूणवरून वळसा घालावा लागतो. जयगड-तवसाळ आणि वेसवी-बागमांडला यांचंही तेच. फेरीबोटीवर गाडी चढते, वेळ वाचतो, पाठ वाचते. मात्र सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि वादळी हवेत बोट बंद असते. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर चौकशी केल्याशिवाय तिच्यावर भेटीची वेळ बांधू नका. हिशेब करताना महामार्गावर थांबे धरून ताशी ४५ किलोमीटर आणि आतल्या रस्त्याला ३० धरा. पावसाळ्यात यातून आणखी चौथा हिस्सा वजा.

गाडी स्वतः चालवत असाल तर स्टिअरिंग संध्याकाळी सातला सुटलंच पाहिजे, पावसाळ्यात त्याआधी. घाटात धुकं उतरतं, दरडीची माती रस्त्यावर आलेली असते, आणि ओल्या रस्त्यावर समोरच्या दिव्यांची चकाकी पडली की खड्डा आणि डबकं वेगळं ओळखू येत नाही. सतरा तास जागं असलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताची चपळाई थोडी दारू घेतलेल्या माणसाइतकी मंदावते. पहाटे पाचला उठून रात्री दहाला कशेडी घाट उतरणारा बरोबर त्याच अवस्थेत असतो. दर दोन तासांनी गाडीतून उतरून पाच मिनिटं चाला. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान डोळे जडावले तर खिडकी उघडून गाणी लावण्यात अर्थ नाही. सावलीत गाडी लावा, कपभर कॉफी प्या आणि वीस मिनिटांचा गजर लावून झोपा. कॉफीला चढायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्ही उपयोगी पडतात. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलात तर उठताना डोकं जड होतं.

आता रिपोर्ट, कारण रात्रीची झोप तिथेच जाते. तुमच्या धंद्याचं एक वैशिष्ट्य आहे. बरेचसे खासगी डॉक्टर सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाचनंतर पेशंट पाहतात. दुपारी एक ते साडेचार यंत्र मोकळं असतं, म्हणजे तुमचं खरं काम भर दुपारी चालतं. सिंधुदुर्गात तर त्या वेळात बाजारपेठही डोळे मिटून असते. मग जेवण चारला ढकललं जातं, तोवर चार चहा झालेले असतात, आणि रात्री पित्त उसळतं. यावर औषध एकच, सव्वाबाराला जेवून मगच दवाखान्यात शिरायचं. खानावळी बारापासून सुरू असतात, आणि पहिल्या पंगतीचं अन्न ताजंही असतं.

रिपोर्ट यंत्राशेजारीच पूर्ण करायचा. गावाबाहेर पडल्यावर लिहायला घेतला की निम्मं आठवून लिहावं लागतं, आणि आठवण्यातच वेळ जातो. एक ठरलेला साचा करून फोनमध्ये ठेवा. त्यात सहा रकाने पुरतात: यंत्राचा क्रमांक, तक्रार काय होती, मोजणी काय आली, काय बदललं, बदलल्यानंतरची मोजणी, पुढच्या वेळी काय आणायचं. झाकण उघडण्याआधी क्रमांकाच्या पट्टीचा फोटो, भाग बदलण्याआधी एक फोटो, नंतर एक. मोजणी बोलून टाइप करा, हात तेलकट असले तरी चालतं. शेवटची चाचणी यंत्रावर चालू असते ती दहा-बारा मिनिटं रिपोर्टची. सही घेऊनच बॅग बंद करा. संध्याकाळी फक्त रेंजमध्ये येऊन पाठवायचं उरतं. पहिले चार-पाच दिवस हे जड जाईल, कारण डॉक्टर घाईत असतात आणि कंपाउंडर कुलूप हातात घेऊन उभा असतो. वेळ सांगतानाच रिपोर्टची पंधरा मिनिटं धरून सांगितलीत की ही अडचण राहत नाही.

लक्ष घालून करायची कामं, म्हणजे सुट्या भागांचा अंदाज, किचकट बिघाडाचा अभ्यास, मोठी ई-मेल, ही सकाळी सात ते नऊमध्ये लॉजवरच उरका. एकाच जागी तीन रात्री राहिलात तरच ही सकाळ हाताशी येते, नाहीतर ती सामान बांधण्यात जाते.

रेल्वेत काम होतं, पण कुठलं ते पाहून. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. चिपळूण ते रत्नागिरी या पट्ट्यात ऑनलाइन मीटिंग ठेवणं म्हणजे दर पाच मिनिटांनी "आवाज येतोय का?" विचारत बसणं. त्या वेळात इंटरनेट न लागणारी कामं ठेवा: खर्चाची बिलं लावणं, पुढच्या आठवड्याची यादी, फोटोंना नावं देणं. लागणाऱ्या फायली आदल्या रात्री उतरवून घ्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. एका खाडीच्या अलीकडे एक चालतं, पलीकडे दुसरं.

तिकीट ६० दिवस आधी उघडतं. तुमच्या भेटी तिमाहीच्या असतात, तेव्हा हे गणित तुम्हाला जमण्यासारखं आहे. रात्रीच्या गाडीनं निघून पहाटे उतरायचं आणि थेट कामाला लागायचं, हा वेळ वाचवण्याचा लाडका प्रकार. त्यात लॉजचं एका रात्रीचं भाडं वाचतं, हे खरं. पण ती रात्र अर्धी झोप समजा. त्या दिवशी गाडी चालवू नका आणि नाजूक काम दुपारी दोननंतर घेऊ नका. उतरल्यावरचा प्रवासही मोजा. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर आहे, सावंतवाडी रोड गावापासून सात-आठ किलोमीटर, आणि राजापूर रोडवरून राजापूर गाठायला लागणारी रिक्षा कधी कधी रेल्वेच्या तिकिटाहून महाग पडते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक लागतं. गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात. त्या काळात उतरण्याची वेळ आणि पहिली भेट यांत दोन तासांची फट ठेवा. गणपतीचे आठ दिवस आणि शिमग्याचे चार दिवस फिरतीच्या यादीतून आधीच खोडून टाका. गाडीत जागा नसते, आणि गावात ज्याला भेटायचं तो पालखीबरोबर असतो.

घाटात मळमळणाऱ्यांसाठी दोन ओळी. पुढच्या सीटवर बसा, नजर लांबच्या रस्त्यावर ठेवा, फोनमध्ये मान घालू नका, पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. आणि बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा चालवणाऱ्यानं ती घेऊ नये.

आता वजनाचे सहा किलो. तुमचा संशय मच्छी थाळीवर आहे, माझा चहावर. कोकणातल्या कुठल्याही दवाखान्यात, मेडिकलात, कार्यालयात पाय टाकला की "चहा घेणार ना?" होतंच. दिवसाला सात-आठ कप, कपाला दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर. आठ कपांची साखरच ८० ग्रॅम, म्हणजे ३२० कॅलरी. दूध आणि सोबतची बिस्किटं वेगळी. वर रिकाम्या पोटी चहा म्हणजे पित्ताला आमंत्रण. नाही म्हटलं की इथे माणूस दुखावतो, म्हणून नाही म्हणू नका. "आधी पाणी द्या, चहा काम झाल्यावर" म्हणा. काम होईपर्यंत निम्म्या ठिकाणी विषय मागे पडलेला असतो. जिथे नाही पडला तिथे अर्धा कप, बिनसाखरेचा. दिवसात तीन कप ही हद्द.

थाळीचं गणित त्या मानानं सोपं. मासा उत्तम आहे, बिघाड होतो तो भातानं आणि तळणानं. ताट आलं की आधी उसळ किंवा भाजी, मग मासा आणि भाकरी, भात शेवटी आणि दोन वाट्या. तळलेली तुकडी हवी असेल तर एकच, उरलेला मासा कालवणातला किंवा तिखल्यातला. रव्यात घोळवून तव्यावर सोडलेली सुरमई किती तेल पिते, ते थाळीखालचा कागद सांगतो. न्याहारीला वडा-उसळ आणि तर्रीदार मिसळ टाळून घावणे किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ घ्या. तोंडाला चव असते आणि दुपारपर्यंत भूक धरून राहते. रात्री आठच्या आत कुळथाची पिठी आणि भात, किंवा उकड्या तांदळाची पेज. खानावळीच्या फळ्यावर हे लिहिलेलं नसतं, पण तीन रात्री एकाच ठिकाणी जेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सांगून मिळतं. मुक्काम एक ठेवण्याचा हा आणखी एक फायदा. बॅगेत फुटाणे, मूठभर शेंगदाणे आणि दोन-तीन केळी असू द्या. रस्त्यात अडकलात तर वडापावाच्या आधी हात तिकडे जाईल.

रक्तदाब काठावर आहे म्हणता, तर मीठ मोजा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चमचा. लोणचं, पापड, सुकट आणि सुका बांगडा यांतच तो संपतो. दिवसभर दवाखान्यांत असता, तर आठवड्यातून दोनदा रक्तदाब मोजायला काय हरकत आहे? सकाळी, चहानंतर अर्धा तास सोडून, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. दवाखान्यात वारंवार १४०/९० किंवा त्यावर, घरच्या यंत्रावर १३५/८५ किंवा त्यावर येऊ लागला तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पाठ धरली म्हणून मेडिकलातून आणलेली दुखण्याची गोळी रोज घेत असाल तर तीही तिथे सांगा. अशा बहुतेक गोळ्या पित्त वाढवतात आणि रक्तदाबही चढवतात. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ कदाचित त्याच पाकिटात असेल.

पोट बिघडण्याची कारणं कोकणात थोडी वेगळी आहेत. पहिलं पाण्याचं. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसात वरची घाण झपाट्यानं विहिरीत उतरते. जून-जुलैत लॉजच्या नळाचं पाणी तोंड धुवायलाही वापरू नका. उकळलेलं, म्हणजे खळखळून किमान एक मिनिट उकळी आलेलं पाणी बाटलीत भरून घ्या. नाहीतर क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या मापानं टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यावर ती नीट काम करत नाही, आधी फडक्यातून गाळा. कावीळ आणि टायफॉइड दोन्ही याच वाटेनं येतात. टायफॉइड आणि अ प्रकारची कावीळ यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

दुसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. बांगडा, तारली, सुरमई, कुपा असे मासे पकडल्यानंतर बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामीन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं. नंतर कितीही तळा, कितीही उकळा, ते जात नाही. जेवल्यावर दहा मिनिटं ते तासाभरात चेहरा लाल होतो, अंगाला खाज येते, डोकं ठणकतं, जुलाब होतात. लोक त्याला "मासा बाधला" म्हणतात आणि मग आयुष्यभर बांगडा सोडतात. दोष माशाचा नसतो, बर्फाचा असतो. पहिल्या घासाला जीभ चुरचुरली तर तुकडी बाजूला ठेवा. श्वास लागला किंवा ओठ-घसा सुजला तर थेट दवाखाना. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा खोल समुद्रातला मोठा मासा बहुधा शीतपेटीतला असतो. त्या दोन महिन्यांत खाडीचा किंवा गोड्या पाण्याचा मासा विचारा, नाहीतर डाळ-उसळीवर राहा.

तिसरं सोलकढीचं. नारळाचा रस उष्ण, दमट हवेत पटकन आंबतो. दुपारी समोर काढलेली अमृत, पण त्याच पातेल्यातली रात्री दहाची नको. सकाळी शिजवून दिवसभर बाहेर ठेवलेल्या भाताचंही तसंच, परतून गरम केला तरी त्यातलं विष राहू शकतं.

एवढं करूनही जुलाब लागले तर ओआरएसची पुडी. मोठी पुडी बरोबर एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलिलिटरमध्ये. पुडी अर्धी-अर्धी करून ग्लासात टाकतात ते चुकीचं, प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. खोक्यात मिळणारी गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे, जास्त साखरेनं जुलाब वाढतात. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका, डॉक्टरांकडे जा. सहा-आठ तास लघवी झाली नाही तरी जा.

उन्हाळ्याचं वेगळं. मार्च ते मे रत्नागिरीत पारा नागपूरइतका चढत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. इथे हवा दमट असते, घाम वाळतच नाही, आणि वाळला नाही की अंग थंड होत नाही. बंद खोलीत यंत्राचं काम करत असाल तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी ग्लासभर पाणी. लघवीचा रंग गडद दिसला की कमी पडतंय. कोकम सरबत चांगलंच, पण टपरीवर त्यात मीठ आणि साखर दोन्ही हात सैल सोडून टाकतात. दोन्ही कमी सांगा. तासन्‌तास घाम गळला असेल त्या दिवशी एक ओआरएस घ्या, रोजची सवय नको.

पावसाळ्यात पाय जपा. पुराचं पाणी ओसरल्यावर चिखलातून दवाखान्यात जावं लागलं, तर पायावरच्या जखमेला पाणी न शिरणारी पट्टी आणि वर गमबूट. उंदरांच्या मूत्रातून येणारा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार, सिंधुदुर्गात नवा नाही. खरी मेख अशी की ताप साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो, तेव्हा तुम्ही पनवेलला घरी असता आणि तिथल्या डॉक्टरांना चिखल ठाऊक नसतो. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल, असं झालं तर "कोकणात पुराच्या पाण्यात उतरलो होतो" हे वाक्य स्वतःहून सांगा. पाण्यात उतरणं टळणारच नसेल तर प्रतिबंधक डॉक्सिसायक्लीनबद्दल आधी विचारून घ्या, मनानं घेऊ नका. बांदा-दोडामार्ग भागात हिवाळा-उन्हाळ्यात माकडतापाच्या गोचिडी असतात. रानातल्या वाटेनं गेलात तर पायमोजे विजारीवर ओढा आणि परतल्यावर अंग तपासा. बूट घालण्याआधी झटकायची सवय लावा. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला काम करत आले, यावरून इथला विंचू किती साधा आहे ते समजा. विंचू असो वा फुरसं, झाडपाला बांधण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन.

मांड्यांत नायटा झाला तर मेडिकलातलं "लगेच आराम" देणारं मिश्र मलम नको. त्यातल्या स्टिरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरते. नुसतं बुरशीविरोधी मलम, डाग गेल्यावरही दोन आठवडे. पायमोजांचे चार जोड, बूट दोन. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर पंख्याखाली ठेवा, मध्ये एकदा बोळे बदला.

लॉज घेताना रस्त्याकडची आणि एसटी स्टँडसमोरची खोली नाकारा, मागची मागा. सामान ठेवण्याआधी गादीची शिवण टॉर्चनं पाहा, काळे ठिपके म्हणजे ढेकूण. वीज जाणं धरून चाला. पंखा थांबला की डास येतात, म्हणून एकट्यापुरती घडीची मच्छरदाणी बॅगेत हवीच. डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो, त्यासाठी घोट्यांना डास पळवणारं मलम लावा. वीस हजार एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॉट-तास असतात. गळती वजा जाता पन्नासच्या आसपासची लॅपटॉपची बॅटरी एकदा भरते. ६५ वॉटचं आउटपुट आहे ना, ते पाहून घ्या. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही, तिथे तुमची मोजणीची उपकरणं जोडू नका. एसी गाडीतून काढलेलं उपकरण लगेच उघडलंत तर आत दव धरतं. बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटं राहू द्या.

व्यायामासाठी जिम शोधू नका. आठवड्यातून चार दिवस अर्धा तास झपझप चालणं आणि लॉजच्या खोलीत दहा मिनिटं उठाबशा, भिंतीवरचे जोर, पाठीचे ताण, एवढं पुरे. किनाऱ्यावर चालायचं तर ओहोटीची वेळ धरा, तेव्हा ओली घट्ट वाळू उघडी पडते. कोरड्या मऊ वाळूत टाच खचते. भरतीच्या वेळी चालायला उरते ती उतरती कड, तिच्यावर एकाच बाजूनं चालून कंबर धरते. जितकं अंतर जाल तितकंच त्याच कडेनं परत या. भरतीचा जुना हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि रात्रीही. ओहोटी त्याच्या सहा तास पुढे-मागे, नऊला. हा आडाखा मुंबईचा, दक्षिणेकडे तासाभराचा फरक धरा. पावसाळ्यात पाण्यात पाय घालायचा मोह नको.

आता उरले साहेब. पाच गावांऐवजी दोन मुक्काम म्हटल्यावर "मग कॉल कमी होतील" हे पहिलं वाक्य असेल. त्यांना तब्येत सांगू नका, आकडे दाखवा. गेल्या तीन महिन्यांत एकाच यंत्रासाठी दुसऱ्यांदा जावं लागलं अशा फेऱ्या किती, त्यातल्या किती भाग बरोबर नव्हता म्हणून आणि किती संध्याकाळच्या घाईत चाचणी अर्धी राहिली म्हणून, हे वहीतून काढा. शेजारी जुन्या आणि नव्या मार्गाचे किलोमीटर आणि लॉजचं भाडं मांडा. सलग तीन रात्रींचं भाडं बहुतेक लॉजवाले कमी करतात, तो आकडा आधी फोनवर पक्का करून घ्या. एकाच तिमाहीपुरती परवानगी मागा. आणि साहेबांना परवानगीचं पत्र महिनाअखेरीच्या धावपळीत पाठवू नका, पाच-सहा तारखेला पाठवा.